हे सहा तास कोणी मोजले?

"दिवस दुसरा : मनाली ते बातल, ६ तास." ही ओळ माझीच. पीएचडीचं दुसरं वर्ष, पुण्यातली हॉस्टेलची खोली, एका टॅबमध्ये नकाशा आणि दुसऱ्यात एक्सेल शीट. हिमाचलमधल्या चंद्रा नदीच्या खोऱ्यात हिमनद्या वितळून जे पाणी येतं, त्याच्या रसायनावर माझं काम आहे. त्यामुळे वर्षातून एकदा फील्डला जावंच लागतं. फंड कमी, म्हणून एकही दिवस रिकामा जाणार नाही असा नऊ दिवसांचा आराखडा मी बसवला होता. तेव्हा तो मला फार देखणा वाटला होता.

परत आल्यावर सरांनी ती शीट समोर ठेवली आणि एवढंच विचारलं, "हे सहा तास कुठून आणलेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकाशाने सांगितलं, मी उतरवून घेतलं. लॅबमध्ये ज्युनियरने असा संदर्भ नसलेला आकडा वापरला असता तर मीच त्याला झापलं असतं. या एका प्रश्नाचा माग काढता काढता मी जुनी गॅझेटियर्स आणि प्रवासवर्णनं वाचायला लागले. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, इतिहासाशी संबंध दहावीत सुटलेला. पण त्या वाचनाने माझा पुढचा सगळा आराखडा बदलला. तुमच्यातले काही जण आता प्रपोजल लिहायला बसले असतील, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आधी त्या वर्षी काय झालं ते. जुलै महिना. सामान बांधण्यात उशीर झाला आणि मनालीहून निघायलाच दहा वाजले. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट चढावा लागत नाही. नऊ किलोमीटर बोगद्यातून गेलं की पलीकडे थेट लाहौल. तिथून कोकसर, मग ग्रामफू, आणि ग्रामफूनंतर रस्ता म्हणजे दगडगोटे. वाटेत एकदा टायर बदलला, एकदा दरडीचे दगड बाजूला करायला थांबलो. छत्रूच्या पुढे एक नाला रस्त्यावरूनच वाहतो. आम्ही तिथे पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. पाणी गुडघ्याच्या वर, आणि त्याच्या आत दगड गडगडत जाताना ऐकू येत होते. पुढची एक गाडी मधोमध बंद पडलेली. शेवटी एका टिप्परने दोर लावून एकेक गाडी ओढून काढली. बातलच्या ढाब्यावर पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले.

बातलची उंची ३,९०० मीटरच्या पुढे. मनाली दोन हजारांच्या जरा वर. आमच्या ज्युनियरचं डोकं छत्रूपासूनच दुखत होतं. मला वाटलं, उपाशी आहे म्हणून असेल. रात्री त्याला खोकला सुरू झाला. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसून राहिला. "ताई, झोपा तुम्ही, सकाळपर्यंत होईल बरं," असं तोच मला सांगत होता. एक वाजता ड्रायव्हर उठून आला, त्याच्याकडे दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, सुबह का इंतजार मत करो. नीचे चलो. अब नाले में पानी भी नहीं होगा."

आणि खरंच नव्हतं. ज्या नाल्याने दुपारी आमचा एवढा वेळ खाल्ला, तो पहाटे तीनला घोट्याएवढा होता. मनालीच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात पाणी साठायला लागलं होतं. तीन दिवस ऑक्सिजनवर राहून तो बरा झाला. सकाळपर्यंत थांबलो असतो तर, हे वाक्य मी अजून पूर्ण करत नाही.

नाल्याचं विज्ञान मला पाठ होतं, ही यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. वितळपाण्यावर चालणाऱ्या ओढ्याला रोजची भरती-ओहोटी असते. ऊन दुपारी सगळ्यात कडक, पण ते पाणी बर्फातून झिरपून, हिमनदीच्या पोटातून वाट काढून खाली यायला काही तास लागतात. म्हणून लोंढा दुपार कलल्यावर ते संध्याकाळपर्यंत, आणि पाणी सगळ्यात कमी पहाटे. हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा थर जाड असतो, तेव्हा हा उशीर आणखी वाढतो. याचा आलेख माझ्या प्रपोजलच्या चौथ्या पानावर होता! तरी प्रवासाच्या शीटमध्ये तो नाला फक्त अंतराचा एक तुकडा होता. आलेख एका फाइलमध्ये, प्रवास दुसऱ्या फाइलमध्ये.

आता इतिहास. त्यासाठी थोडा भूगोल डोळ्यांपुढे ठेवा. बातलहून पुढे चढलं की कुंझुम ला ही सुमारे ४,५५० मीटर उंचीची खिंड लागते. तिच्या अलीकडे चंद्रा, जी पुढे भागा नदीला मिळून चिनाब होते. पलीकडे स्पिती, जी सतलजला मिळते. स्पितीत जायच्या मोठ्या वाटा तीन : मनालीकडून कुंझुम ओलांडून, शिमल्याकडून सतलजच्या काठाने किन्नौरमधून, आणि उत्तरेला लडाखकडून परांग ला ओलांडून. यातल्या पहिल्या दोनच आज गाडीच्या आहेत.

आपण स्पितीला सर्रास 'दुर्गम' म्हणतो. पण कुठून दुर्गम? तिथल्या ताबो मठाची स्थापना ९९६ सालची. पश्चिम तिबेटमधल्या गुगेच्या राजघराण्याने तो बांधला आणि त्या काळात या भागातून काश्मीरपर्यंत पंडितांची, अनुवादकांची, चित्रकारांची ये-जा होती. 'स्पिती' या नावाचा अर्थही 'मधला प्रदेश' असाच सांगितला जातो. मधला म्हणजे तिबेट, लडाख, किन्नौर, कुलू यांच्या मधला. दुर्गम हा शब्द दिल्लीहून किंवा पुण्याहून निघणाऱ्याचा आहे. माझ्या प्रपोजलच्या पहिल्याच ओळीत तो होता, आता काढलाय.

इंग्रजी कागदपत्रांत हे खोरं येतं ते लोकरीमुळे. विल्यम मूरक्रॉफ्ट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडेपैदाशीचा प्रमुख. चांगले घोडे मिळवायचे आणि जमलं तर पश्मिन्याचा व्यापार वळवायचा, या नादात तो १८२० मध्ये रोहतांग ओलांडून लाहौलमार्गे लडाखला गेला. त्याचा तरुण सहकारी जॉर्ज ट्रेबेक १८२१ मध्ये लडाखच्या बाजूने स्पितीत उतरला. दोघेही १८२५ मध्ये अफगाणिस्तानच्या उत्तर भागात मेले आणि त्यांची टिपणं पुस्तकरूपात आली १८४१ मध्ये.

मग १८४६. पहिलं इंग्रज-शीख युद्ध संपलं, काश्मीर गुलाबसिंगाकडे गेलं, त्याच्याबरोबर लडाख आणि लडाखबरोबर स्पिती. पण इंग्रजांनी स्पिती लगेच परत घेतली, बदल्यात महाराजाला दुसरा मुलूख दिला आणि ती कुलूला जोडून टाकली. कारण गॅझेटियरमध्ये सरळ लिहिलंय : चांगथांगच्या लोकर पिकवणाऱ्या प्रदेशापर्यंत इंग्रजी हद्दीतूनच जाणारा रस्ता हवा होता. हद्द आखायला त्या वर्षी अलेक्झांडर कनिंगहॅम आणि व्हॅन्स ॲग्न्यू गेले. हे वाचून मी थोडा वेळ थांबले. आज स्पिती हिमाचलमध्ये आहे, लडाखमध्ये नाही, याचं मूळ एका रस्त्याच्या आराखड्यात आहे.

तो रस्ता कागदावर जितका सोपा होता तितका जमिनीवर नव्हता. १८४९ च्या शरदात कुलूचा असिस्टंट कमिशनर मेजर हे याने जाऊन ताबा घेतला. पुढे सरकारनेच अंतरापुढे हात टेकले म्हणायला हरकत नाही. १८७३ च्या स्पिती फ्रंटिअर रेग्युलेशनने तिथला बराचसा कारभार क्युलिंगच्या 'नोनो'कडे, म्हणजे परंपरागत प्रमुखाकडेच सोपवला. वर्षातले कित्येक महिने खिंडी बंद असताना कुलूचा साहेब काय कारभार करणार?

माझ्या सहा तासांचं उत्तर मला या मधल्या काळात सापडायला लागलं. १८६३ मध्ये कांगड्याचा डेप्युटी कमिशनर फिलिप एगर्टन तिबेटच्या सीमेपर्यंत गेला, दुसऱ्या वर्षी त्याचं सचित्र पुस्तक आलं. असली पुस्तकं वाचताना लक्षात येतं की अंतर मैलांत दिलेलं असलं तरी प्रवास मोजला जातो पडावांत. एक पडाव म्हणजे एक दिवस. आणि पडाव कुठे पडायचा, हे ठरायचं पाणी, सरपण आणि हमाल कुठे बदलतात यावर. हे हमाल बहुतेक वेळा बेगारीचे. एका गावाने ओझं पुढच्या गावापर्यंत न्यायचं, तिथे दुसऱ्यांनी उचलायचं. म्हणजे साहेबाच्या डायरीत जे अंतर सहज 'एक दिवस' म्हणून येतं, ते पाठीवर ओझं घेतलेल्या माणसाच्या पायांनी मोजलेलं आहे. त्या माणसाचं नाव डायरीत नाही. माझ्या शीटमधले सहा तास कोणाच्या पायांनी मोजले होते? कोणाच्याच नाही. कुठल्याशा गणिताने रस्त्याची लांबी एका सरासरी वेगाने भागली होती. त्या भागाकारात नाला नव्हता, टायर नव्हता, दहाला निघालेली मी नव्हते.

वाटा कायमच्या नसतात हेही तिथेच कळलं. चंद्राच्या काठावरची शिगरी हिमनदी १८३६ मध्ये पुढे सरकून नदी अडली होती, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या लेखनात मिळते. त्या काळात स्पितीला जाणारा माणूस या बर्फावरून चालत जायचा. आज रस्ता पलीकडच्या काठाने जातो आणि हिमनदी मागे सरकलेली आहे. तिची धाकटी शेजारीण छोटा शिगरी, जिचं वस्तुमान २००२ पासून दरवर्षी मोजलं जातंय. याच खोऱ्यात गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं 'हिमांश' हे केंद्रही आहे, २०१६ पासून. म्हणजे वास्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर बसणारी माणसं चार हजार मीटरवर जाऊन बर्फ मोजतात. त्यांच्या आकड्यांवर माझा अर्धा प्रबंध उभा आहे.

विज्ञानवाल्यांसाठी या इतिहासातला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे फर्डिनांड स्टोलिच्का. मोराव्हियात जन्मलेला, जिऑलॉजिकल सर्व्हेत १८६२ मध्ये लागलेला, आणि १८६४ मध्ये स्पितीत. मुथ, कुलिंग, लिलांग, ग्युमल, चिक्किम, अशी स्पितीतली साधी गावं खडकांच्या थरांची नावं होऊन जगभरच्या भूशास्त्रात गेली, त्यात त्याचा मोठा वाटा. 'स्पिती शेल' या काळ्या खडकात अमोनाइटचे जीवाश्म मिळतात. हाच थर पुढे नेपाळमध्ये काली गंडकीच्या खोऱ्यात उघडा पडतो आणि आपल्या देवघरातले शाळिग्राम तिथून येतात. (आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं, पण त्याला पाण्यात घालून ठेवू नकोस.")

स्टोलिच्का १९ जून १८७४ ला लडाखमधल्या मुर्गो इथे मेला. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना, काराकोरम खिंड उतरल्यावर. वय ३६. त्याच्या शेवटच्या दिवसांची वर्णनं वाचणारे आजचे बहुतेक जण उंचीच्या आजाराकडे बोट दाखवतात.

इथे माझं एक आवडतं अनुमान कोसळलं, तेही सांगायला हवं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की जुने लोक चालत जायचे, रोज थोडं थोडं चढायचे, म्हणून त्यांना उंचीचा त्रास होत नसे आणि सगळा दोष मोटाररस्त्याचा. हा स्टोलिच्का तर चालूनचालून मुरलेला, हिमालयात आधीही फिरलेला. शिवाय एकोणिसाव्या शतकातल्या अनेक प्रवासवर्णनांत खिंडीवर डोकं दुखण्याचे, धाप लागण्याचे उल्लेख आहेत. डोंगरातले लोक त्याला 'बिस' म्हणायचे, म्हणजे विषच. तिथल्या झाडोऱ्याचा विषारी वास वाऱ्यावर येतो, अशी समजूत. तेव्हा चालणाऱ्यालाही त्रास व्हायचा. त्याला विचार करायला आणि मागे फिरायला मधले पडाव मिळायचे, इतकंच फार तर म्हणता येतं. आपल्याला हवा तोच इतिहास वाचायची खोड मला एवढ्या लवकर लागेल असं वाटलं नव्हतं.

उंचीच्या आजाराबद्दलची आपली आजची समज मात्र खरोखरच रस्त्यांच्या आणि विमानांच्या मागून आली. सीमेवरच्या रस्त्यांसाठी बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन १९६० मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी लाहौल-स्पिती हा वेगळा जिल्हा झाला, आणि १९६२ च्या युद्धानंतर रस्त्यांचं काम झपाट्याने वाढलं. मैदानातले हजारो जवान एकदम वर पोचायला लागले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आजही उंचीच्या आजारावरचं मूलभूत काम म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्रास बहुतेक वेळा पोचल्या पोचल्या होत नाही, काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. म्हणजे गाडीतून उतरताना 'मी ठणठणीत आहे' या वाक्याला काही किंमत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोज झोपायची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा आजचा नियम सांगतो. इथे झोपायची उंची महत्त्वाची. आम्ही एका दिवसात तिच्यात सुमारे १,९०० मीटरची भर घातली होती. बोगद्याने रस्ता लहान झाला, माणसाच्या रक्ताचा वेग तोच राहिला.

म्हणून नवा आराखडा उलट दिशेने. १९०९ मध्ये पुरातत्त्वाच्या कामासाठी निघालेला फ्रांके शिमल्याहून सतलजच्या काठाने चढत ताबोला आला होता, पुढे परांग ला ओलांडून लडाखला गेला. ताबोपर्यंत आम्हीही तसेच. शिमला २,२०० मीटर, मग कल्पा, जेमतेम तीन हजारांच्या आत, तिथे दोन रात्री. मग ताबो, ३,३०० च्या आसपास, तिथेही दोन रात्री. मग काझा. कुंझुम ओलांडून बातलला आम्ही वरून उतरत येणार, आणि तोवर अंगाला आठवडाभराची सवय झालेली असेल.

हा रस्ता गुळगुळीत आहे असं अजिबात नाही. १९ जानेवारी १९७५ च्या भूकंपाने किन्नौर-स्पिती हादरलं, ताबोच्या मठालाही तडे गेले. २००५ च्या जूनमध्ये तिबेटमधल्या पारेचू नदीवर दरडीने अडलेला तलाव फुटला आणि स्पिती-सतलजच्या काठचे पूल आणि रस्ते वाहून गेले. नाकोजवळ मलिंगचा नाला तर दरवर्षी कुठेतरी ढासळतोच. म्हणून दोन दिवस कोरे ठेवलेत, त्यांच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही.

नऊचे चौदा दिवस झाले. हिशेब बघणाऱ्यांनी विचारलं, "हे पाच दिवस नुसते बसून राहायचे का?" मी त्यांना एका पानाचं टिपण दिलं. त्यात मुक्कामाच्या उंचीचा आलेख, १,९२५ जवानांचा अभ्यास आणि मागच्या वर्षीचं हॉस्पिटलचं बिल. दिवस मंजूर झाले, पैसे वाढले नाहीत. त्यामुळे सातपैकी दोन ठिकाणचे नमुने सोडून द्यावे लागले. त्यातलं एक ठिकाण माझ्या दुसऱ्या प्रकरणासाठी हवंच होतं. ते प्रकरण आता कसं उभं राहणार, हे मला अजून दिसत नाही. सर म्हणाले, "बघू." सरांच्या 'बघू'चा अर्थ तुमच्यापैकी पीएचडीत असलेल्यांना कळेल.

शीटमध्ये एक रकाना वाढवलाय : 'हा आकडा कोणाचा?' समोर लिहायचं नकाशा, ड्रायव्हर, बीआरओ, की जुनं गॅझेटियर. निम्म्या ओळींपुढे अजून 'नकाशा' आहे. एकेक फोन करून ते बदलतेय.

काल ड्रायव्हर भाईंना फोन केला आणि अख्खा आराखडा वाचून दाखवला. कल्पाच्या दोन रात्री, ताबोच्या दोन, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "बातल से नीचे कितने बजे निकलोगे?" मी म्हटलं, सकाळी साडेसात.

"छह," ते म्हणाले. "चाय नाले के उस पार पीना."